हाफ-टन पिकअपसाठी हलका पॉप-अप कॅम्पर : कोलोरॅडोतील एका मराठी कुटुंबाची निवड

प्रकरणाची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात, डेन्व्हरच्या उत्तरेला रॉकी पर्वताच्या पायथ्याशी राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाने आपल्या पिकअप ट्रकसाठी पॉप-अप कॅम्पर कसा निवडला, याचा हा अभ्यास आहे. कुटुंबात पती, पत्नी आणि नऊ वर्षांचा मुलगा आहे. पतीचे आईवडील उन्हाळ्यात पुण्याहून येतात आणि काही महिने राहतात. निवडीच्या काळात वजनांचा हिशेब मांडण्यासाठी मी त्यांच्याबरोबर बसत असे. त्यांच्या संमतीने हा तपशील नावांशिवाय देत आहे. सर्व आकडे पाच पौंडांपर्यंत गोल केले आहेत.

पॉप-अप कॅम्पर म्हणजे पिकअपच्या हौद्यात सरकवून बसवायची राहण्याची पेटी. प्रवासात तिचे छत खाली दबलेले असते आणि मुक्कामी पोहोचल्यावर ते वर उचलले की चहूबाजूंनी जाड, लेपित कापडाच्या भिंती उभ्या राहतात. पलंग केबिनच्या टपावर पुढे आलेल्या भागात असतो. पूर्ण उंचीच्या, घट्ट भिंतींच्या कॅम्परपेक्षा ही पेटी हलकी आणि बुटकी असते. त्यामुळे वाऱ्याचा विरोध कमी होतो, गुरुत्वमध्य खाली राहतो आणि वळणावर गाडी कमी झुकते. कोलोरॅडोत इंटरस्टेट ७० हा महामार्ग आयझेनहॉवर बोगद्यापाशी ११,००० फुटांहून अधिक उंचीवर जातो आणि दोन्ही बाजूंना लांब, तीव्र उतार आहेत. तिथे हे गुण सोयीपुरते राहत नाहीत, सुरक्षिततेचा भाग होतात.

मागून ओढायचा ट्रेलर या कुटुंबाने सुरुवातीलाच बाजूला ठेवला होता. त्यांना जिथे मुक्काम करायचा होता त्या राष्ट्रीय वनांमधल्या आणि ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी जमीन-खात्याच्या ताब्यातल्या जमिनींवरच्या कच्च्या वाटांवर ट्रेलर वळवायलाही जागा नसते. शिवाय त्यांच्या वसाहतीच्या नियमांत ट्रेलर घरासमोर उभा करायला मनाई होती. हे दोन्ही मुद्दे निर्विवाद असल्यामुळे त्यावर अधिक चर्चा झाली नाही.

ट्रक त्यांच्याकडे आधीपासून होता : चार दारांचा, चारही चाकांना जोर देणारा, साडेसहा फुटी हौद्याचा, अमेरिकेत 'हाफ-टन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वर्गातला. हे नाव जुन्या काळापासून चालत आले आहे आणि गाडीच्या आजच्या वाहनक्षमतेशी, म्हणजे ती किती वजन वाहू शकते याच्याशी, त्याचा संबंध उरलेला नाही. कंपनी आणि मॉडेल मी मुद्दाम लिहीत नाही, कारण त्याच मॉडेलच्या, त्याच वर्षीच्या दोन गाड्यांची वाहनक्षमता इंजिन, छतावरची काच, आसने आणि इतर पर्याय यांनुसार कित्येक शे पौंडांनी वेगळी असू शकते. 'अमुक ट्रकवर तमुक कॅम्पर चालतो' या स्वरूपाचा सल्ला म्हणूनच घातक ठरतो. सल्ला देणाऱ्याच्या ट्रकच्या दारावर लिहिलेला वाहनक्षमतेचा आकडा विचारणाऱ्याच्या ट्रकच्या दारावर नसतो.

दाराच्या चौकटीवरचा आकडा

कुटुंबाची सुरुवात सर्वसाधारण खरेदीदार करतो तशीच झाली होती. त्यांनी आधी कॅम्पर पाहिले, त्यातला एक मनात भरला आणि मग आपला ट्रक तो पेलेल का, असा प्रश्न त्यांना पडला. त्या कॅम्परमध्ये शेगडी, सिंक, फ्रिज, पाण्याची टाकी, गरम पाणी आणि बाहेरचा शॉवर असे सर्व होते आणि माहितीपत्रकातले त्याचे कोरडे वजन सुमारे १,२५० पौंड (५६७ किलो) होते. 'कोरडे वजन' या शब्दप्रयोगात पाणी, गॅस, सामान आणि बहुतेक वेळा पर्यायी वस्तूही धरलेल्या नसतात. विक्रेत्याने हाफ-टन ट्रकला हा कॅम्पर 'आरामात' चालेल असे सांगितले होते.

माझा आग्रह असा होता की हिशेब उलट दिशेने मांडावा : आधी ट्रक, मग माणसे, मग पाणी आणि सामान, आणि शेवटी जे उरेल त्यात बसणारा कॅम्पर. चालकाच्या दाराच्या चौकटीवर दोन लेबले असतात. एकावर गाडीचे कमाल एकूण वजन आणि पुढच्या-मागच्या ॲक्सलची (चाके जोडणाऱ्या आसाची) स्वतंत्र मर्यादा लिहिलेली असते. या ट्रकचे कमाल एकूण वजन ७,०५० पौंड (३,१९८ किलो) होते आणि मागच्या ॲक्सलची मर्यादा ३,८०० पौंड (१,७२४ किलो). दुसऱ्या, टायरच्या दाबाची माहिती देणाऱ्या लेबलवर प्रवासी आणि सामान यांचे एकत्रित वजन किती असावे ते सांगितलेले असते. या गाडीवर तो आकडा १,७१० पौंड (७७६ किलो) होता. या 'प्रवासी'मध्ये चालकही येतो. पूर्ण भरलेली इंधनाची टाकी मात्र गाडीच्या वजनात आधीच धरलेली असते, त्यामुळे पेट्रोलचे वजन पुन्हा वजा करावे लागत नाही.

हा आकडा गाडी कारखान्यातून बाहेर पडतानाचा आहे, ही गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. नंतर बसवलेली प्रत्येक वस्तू त्यातून वजा होते. या ट्रकला दोन्ही बाजूंना चढायच्या पायऱ्या आणि हौद्यात प्लास्टिकचे अस्तर बसवलेले होते. दोन्हींचे मिळून सुमारे ९० पौंड झाले. तिघांचे वजन ३८० पौंड होते. म्हणजे कॅम्परचा विचार सुरू होण्याआधीच १,७१० पैकी ४७० पौंड खर्ची पडले होते. उरलेल्या १,२४० पौंडांत १,२५० पौंडांचा कोरडा कॅम्परही मावत नव्हता, मग त्यातले पाणी, गॅस, अंथरूण आणि धान्य यांना जागा कुठून मिळणार?

पत्नीने येथे विचारलेला प्रश्न अगदी योग्य होता : मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांना जोड देणारे हवेचे फुगे बसवले, किंवा एक पाटा वाढवला, तर मर्यादा वाढत नाही का? उत्तर स्पष्ट आहे. फुग्यांमुळे गाडी मागून दबत नाही, दिवे आकाशाकडे वळत नाहीत आणि डुलणे कमी होते. पण लेबलवरचे कमाल वजन ॲक्सल, ब्रेक, चासी (गाडीचा सांगाडा), चाके आणि टायर या सर्वांचा मिळून विचार करून ठरवलेले असते, आणि त्यातला एक भाग मजबूत केल्याने बाकीचे भाग मजबूत होत नाहीत. लांब उतारावर गाडी थांबवायची असते ती ब्रेकने. फुगे तिथे काही करत नाहीत. या मुद्द्यावर मी कुठलीही तडजोड मान्य केली नसती, आणि सुदैवाने तशी वेळ आली नाही, कारण दोघांनाही तो लगेच पटला.

वजनकाट्यावर

लेबलवरून केलेला हिशेब कागदी असतो. म्हणून पुढची पायरी वजनकाट्याची होती. अमेरिकेत महामार्गांवरच्या ट्रक-थांब्यांवर सार्वजनिक काटे असतात. त्यांचे फलाट वेगवेगळे असल्यामुळे पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचे वजन स्वतंत्र छापून मिळते आणि त्यासाठी फार थोडे पैसे पडतात. टाकी भरून, तिघांना बसवून वजन केले तेव्हा पुढचा ॲक्सल ३,३०० आणि मागचा २,५१० पौंड भरला, एकूण ५,८१० (२,६३५ किलो). कागदी हिशेबाशी हा आकडा जुळला. नेहमीच तसे होत नाही. जुन्या गाडीत हत्यारपेटी, ओढणीचा हूक, जड टायर असे काय काय साठत जाते, ते काटाच दाखवतो.

आता मोकळीक १,२४० पौंडांची होती. कॅम्पर बसवताना मागचा फाळका काढून घरी ठेवतात, त्यामुळे आणखी सुमारे ५० पौंड मोकळे होणार होते. हौद्यातले प्लास्टिकचे अस्तर गुळगुळीत असल्यामुळे त्यावर कॅम्पर सरकतो, म्हणून ते काढून त्याजागी रबराची जाड चटई घालायची होती. दोन्हींचे वजन जवळपास सारखेच असल्याने हिशेब बदलला नाही.

मग सामानाची यादी झाली. पाणी एका गॅलनला ८.३४ पौंड भरते. तिघांना स्वयंपाक, पिणे आणि हातपाय धुणे यासाठी रोज चार-साडेचार गॅलन लागते असे त्यांच्या आधीच्या तंबूतल्या मुक्कामांवरून माहीत होते, म्हणून सहा गॅलनचे दोन कॅन, म्हणजे १०० पौंड धरले. भरलेला छोटा गॅस सिलिंडर २५ पौंड. अंथरूण, कपडे, धान्य, बॅटरीवर चालणारा पेटीवजा फ्रिज, भांडी, घडीची टेबल-खुर्ची, उचलून नेता येणारे शौचपात्र आणि अवजारे यांचे २०० पौंड. एकूण ३२५. म्हणजे सर्व पर्यायांसह बसवलेल्या कॅम्परसाठी ९६५ पौंड उरले, आणि त्यातले किमान ७५ पौंड राखीव ठेवायचे असे ठरल्यावर लक्ष्य ८९० पौंडांवर (४०४ किलो) आले.

येथे पतीने पाऊण-टन वर्गाचा मोठा ट्रक घेण्याचा विचार बोलून दाखवला. त्या वर्गातल्या गाड्या पुष्कळ अधिक वजन पेलतात आणि मग पहिला पसंतीचा कॅम्परही घेता आला असता. पण हाच ट्रक रोज कामावर जाण्यासाठी वापरायचा होता, त्याचे कर्ज फिटत आले होते आणि वर्षातले फार तर काही आठवडे लागणाऱ्या क्षमतेसाठी वर्षभर जड, कडक, जास्त इंधन पिणारी गाडी चालवायची त्यांची तयारी नव्हती. हा निर्णय मला योग्य वाटला. मात्र ज्यांना गरम पाणी, शौचालय आणि चार माणसांची झोपण्याची सोय हवीच आहे, त्यांनी कॅम्परऐवजी आधी ट्रक बदलणे हेच प्रामाणिक उत्तर आहे.

बाजारात काय होते

८९० पौंड हा आकडा हाती आल्यावर बाजार एकदम आटोपशीर झाला. पॅलोमिनोसारख्या मोठ्या उत्पादकांचे सुसज्ज पॉप-अप तुलनेने स्वस्त आणि सोयींनी भरलेले असतात, पण वजनामुळे ते या ट्रकसाठी बाद झाले. आयोवातील नॉर्थस्टारचे सुसज्ज मॉडेलही त्याच कारणाने मागे पडले. कोलोरॅडोतच फोर्ट लप्टन येथे बनणारे हॉलमार्कचे कॅम्पर त्यांना घराजवळ असल्यामुळे आकर्षक वाटत होते. त्यांची फायबरग्लासची बांधणी आणि सांधे नसलेले छत गळतीच्या दृष्टीने फार चांगले आहे, आणि पैशांची व वजनाची मुभा असती तर मी तोच सल्ला दिला असता. परंतु त्यांच्या गरजेप्रमाणे सजवल्यावर तोही मर्यादेबाहेर जात होता.

उरले दोन मार्ग. पहिला म्हणजे हौद्यावर टोपणासारखे बसणारे, पाचरीसारखे उघडणारे अतिहलके प्रकार. मोंटानातील गो फास्ट कॅम्पर्सने हा प्रकार लोकप्रिय केला. त्यांचे वजन सुसज्ज पॉप-अपच्या जेमतेम चौथाई असते, मागचा फाळका जागच्या जागी राहतो आणि हौद्यात सामानही वाहता येते. दुसरा मार्ग म्हणजे ॲल्युमिनियमच्या नळ्यांची वेल्ड केलेली चौकट असलेला पॉप-अप, पण आत फर्निचर न बसवलेला. याला तिकडे 'शेल' म्हणतात. १९७२ मध्ये सुरू झालेली आणि आता कॅलिफोर्नियातील वुडलँड येथे असलेली फोर व्हील कॅम्पर्स, तसेच सॅक्रामेंटोतील ऑल टेरेन कॅम्पर्स यांची या बांधणीसाठी ख्याती आहे. कच्च्या रस्त्यावर ट्रकची चासी पिळवटते तेव्हा ही चौकट थोडी लवते, मोडत नाही. लाकडी चौकटीला पाणी लागले की ती आतून कुजते, हा धोकाही यात नसतो.

टोपणवजा प्रकारात तिघांची झोप बसत होती. पती-पत्नी वर आणि मुलगा हौद्याच्या तळावर. पण कुटुंबाला मे ते ऑक्टोबर असा हंगाम हवा होता, आणि रॉकीमध्ये दहा हजार फुटांवर सप्टेंबरच्या रात्री पारा शून्याखाली जाणे नेहमीचे आहे. त्या प्रकारात फाळक्याच्या फटींमधून थंडी आणि धूळ आत येते आणि बसवलेला हीटर नसतो. एकट्या तरुणाने किंवा दोन गिर्यारोहकांनी तो जरूर घ्यावा. लहान मूल सोबत असताना रात्री हीटर असणे मला आवश्यक वाटले, आणि पत्नीचे मतही तेच होते. त्यामुळे शेल हा मार्ग ठरला. आता खरा प्रश्न होता तो शेलमध्ये काय घालायचे याचा.

स्वयंपाकघर आत की बाहेर

या प्रकरणातला सर्वात महत्त्वाचा निर्णय येथे झाला, आणि तो वजनकाट्याइतकाच आपल्या जेवणाने घडवला. सुसज्ज कॅम्परमधली शेगडी अंडी तळायला, डबाबंद सूप गरम करायला, पास्ता उकळायला पुरेशी असते. या कुटुंबाला मुक्कामावर वरणभात हवा होता. दहा हजार फुटांच्या उंचीवर पाणी सुमारे ९० अंश सेल्सिअसलाच उकळते, त्यामुळे उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजायला फारच वेळ लागतो. प्रेशर कुकर अपरिहार्य ठरतो. कुकर म्हणजे शिट्या आणि शिट्या म्हणजे वाफ. पॉप-अपच्या कापडी भिंती थंड असतात, आत कोंडलेली वाफ त्यांच्यावर पाणी होऊन जमते, पहाटे ती गादीखाली ओघळते आणि ओलसर राहिलेल्या कापडावर बुरशी धरते. हिंग-मोहरीच्या फोडणीचा वासही कापडात बसतो तो लवकर जात नाही.

अस्वलांचा मुद्दाही याच्याशी जोडलेला आहे. कोलोरॅडोच्या जंगलांत काळी अस्वले आहेत, आणि अन्नाच्या वासाने ती माणसांच्या मुक्कामापर्यंत येतात. उत्तरेला येलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या फिशिंग ब्रिज या तळावर ग्रिझली अस्वलांमुळे केवळ घट्ट भिंतींच्या वाहनांनाच मुक्कामाची परवानगी आहे. तंबू आणि कापडी भिंतींचे कॅम्पर तिथे चालत नाहीत. जिथे परवानगी आहे तिथेही कापडी भिंतींच्या आत अन्न शिजवून त्याच जागी झोपणे शहाणपणाचे नाही. अन्न ट्रकच्या बंद केबिनमध्ये किंवा तळावरच्या लोखंडी पेटीत ठेवावे आणि स्वयंपाक झोपण्याच्या जागेपासून दूर करावा.

दोन्ही कारणे एकत्र धरल्यावर निष्कर्ष सरळ होता : स्वयंपाक बाहेर. आणि स्वयंपाक बाहेर करायचा असेल तर आतली शेगडी, सिंक, पंप, पाण्याची टाकी आणि त्या सर्वांभोवतीचे कपाट यांची गरजच उरत नव्हती. दोन बर्नरची सुटी शेगडी, घडीचे टेबल आणि नळ असलेला पाण्याचा कॅन यांवर काम भागणार होते. उत्पादकाने दिलेल्या तपशिलानुसार केवळ या एका निर्णयाने सुमारे १५० पौंड वाचले. पावसात काय करायचे, हा पतीचा आक्षेप खरा होता. त्यासाठी कॅम्परच्या मागच्या दारावर बांधायची हलकी ताडपत्री घेतली. जुलै-ऑगस्टमध्ये रॉकीत दुपारी गडगडाटी सरी येतात आणि बहुधा संध्याकाळपर्यंत ओसरतात, त्यामुळे रात्रीचा स्वयंपाक सहसा अडत नाही.

पाण्याची टाकी गेल्याचा आणखी एक फायदा झाला, ज्याकडे सुसज्ज कॅम्परचे मालक सहसा लक्ष देत नाहीत. कॅन शेवटच्या गावातल्या नळावर भरता येतात. म्हणजे महामार्गावरचे मोठे चढ-उतार पाण्याच्या वजनाशिवाय पार पडतात. शिवाय थंडीत टाकी आणि नळ्या गोठण्याची, हंगाम संपल्यावर त्या रिकाम्या करून सुकवण्याची कटकट मुळातूनच संपते.

झोप, ऊब आणि छत

बाकीच्या निवडी याच कसोटीने पटापट झाल्या. पती-पत्नीसाठी वरचा पलंग, मुलासाठी खाली उलगडून झोपता येणारा बाक. गॅसवर चालणारा, बाहेर धूर सोडणारा हीटर घेतला. उघड्या ज्योतीचे सुटे हीटर मी बंद जागेत कधीही सुचवणार नाही. त्याबरोबर कार्बन मोनॉक्साइड आणि गॅसगळती यांचे गजर बसवणे आवश्यकच होते. कापडी भिंतींना आतून लावायचे उष्णतारोधक अस्तर घेतले. छतावर हवा बाहेर फेकणारा पंखा घेतला, कारण तीन माणसांच्या श्वासाचाही रात्रभरात पुष्कळ दमटपणा होतो आणि खिडकी थोडी उघडी ठेवून पंखा मंद चालवला तर भिंती कोरड्या राहतात. शंभर अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी निवडली. तेवढ्याच क्षमतेच्या शिसे-आम्लाच्या बॅटरीपेक्षा ती निम्म्याहून हलकी असते.

छताबाबत एक सूचना येथे नोंदवतो. या प्रकारच्या कॅम्परमध्ये छत आतून हातांनी वर ढकलायचे असते. छतावर सौरपट्टी, सामानाचा कठडा, सायकली असे जे काही चढवाल ते प्रत्येक मुक्कामी उचलावे लागते, आणि रात्री पडलेला ओला बर्फही त्यात मिळतो. खरेदीपूर्वी घरातल्या सर्वात कमी उंचीच्या प्रौढ व्यक्तीने छत स्वतः उचलून आणि उतरवून पाहावे. पत्नीने ते उत्पादकाच्या आवारात करून पाहिले. सौरपट्टीशिवाय ते तिला सहज जमले, तर पट्टीसह पुढच्या टोकाला अडले. म्हणून छत उचलायला आधार देणारे, दाबलेल्या गॅसवर चालणारे दांडे वाढवून घेतले आणि सायकलींसाठीचा छतावरचा कठडा यादीतून काढला.

हौद्यात बसवणे

कॅम्परचा गुरुत्वमध्य मागच्या ॲक्सलच्या थोडा पुढे पडला पाहिजे; तो मागे गेला की पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंगची पकड कमी होते. अमेरिकेच्या संघीय नियमांनुसार असा कॅम्पर बनवणाऱ्याने त्याचे वजन आणि गुरुत्वमध्य सांगायचा असतो आणि पिकअप बनवणाऱ्याने हौद्यात तो कुठे पडावा याची मर्यादा द्यायची असते. मालकपुस्तिकेत हे पान शोधून वाचावेच, कारण काही रचनांच्या ट्रकसाठी उत्पादक असा कॅम्पर बसवू नये असेही सांगतात. या ट्रकच्या साडेसहा फुटी हौद्यात मध्य ॲक्सलच्या पुढे पडत होता. पाच-साडेपाच फुटी आखूड हौद्यात हेच गणित बरेच अडचणीचे होते.

बांधणीसाठी हौद्याच्या तळाला भोके पाडून खालून जाड पट्ट्या लावलेले आकडे (हूक) बसवले आणि आतल्या बाजूने ताण देणाऱ्या स्क्रूंनी कॅम्पर आवळला. केवळ पत्र्यावर वॉशर लावून आकडा बसवणे पुरेसे नाही; खडबडीत रस्त्यावर पत्रा फाटतो. पहिल्या शंभर मैलांनंतर आणि मग प्रत्येक कच्च्या रस्त्यानंतर हा ताण हाताने तपासावा लागतो. मूळ प्रवासी-गाडीच्या प्रकारचे टायर भाराच्या दृष्टीने पुरेसे होते, पण त्यांच्या बाजू मऊ असल्याने गाडी डुलत होती. म्हणून झिजल्यावर त्याजागी कडक बाजूंचे, ट्रकसाठीचे टायर घ्यायचे ठरले. अशा टायरना तोच भार पेलण्यासाठी अधिक दाब लागतो, हे बदलताना ध्यानात ठेवावे लागते.

प्रत्यक्ष वजन आणि शेवटचा फेरफार

कोटेशनमध्ये या रचनेचे वजन ८५५ पौंड दिले होते. कॅम्पर बसवल्यावर, तो जमिनीवर उभा ठेवण्याचे चारही जॅक काढून, परतीच्या वाटेवर काट्यावर घेतले तेव्हा फरकावरून ते ९०५ पौंड (४१० किलो) निघाले. जास्तीचे ५० पौंड कुठून आले तेही उघड होते : बॅटरी, सौरपट्टी आणि उष्णतारोधक अस्तर हे पर्याय त्या आकड्यात धरलेले नव्हते. लक्ष्यापेक्षा पंधरा पौंड अधिक, म्हणजे राखीव रकमेतून काढावे लागले. सामानही घरच्या काट्यावर २०० ऐवजी २१५ भरले. लोखंडी तवा आणि दुसरा कुकर हे त्यामागचे कारण. त्यातला दुसरा कुकर ठेवावा की नाही यावर घरात बरीच चर्चा झाली आणि तो राहिला.

तिघे, पेट्रोलची पूर्ण टाकी, पाणी, गॅस आणि सामान यांसह अंतिम वजन पुढे ३,३४५ आणि मागे ३,६६०, एकूण ७,००५ पौंड (३,१७७ किलो) आले. दोन्ही ॲक्सल मर्यादेत होते आणि एकूण वजनही ४५ पौंडांनी आत होते. कायद्याने आणि कागदाने एवढे पुरे होते. मला ते अपुरे वाटले, कारण परतताना ओले कपडे, मुलाने गोळा केलेले दगड, वाटेत घेतलेली फळांची पेटी यांत ४५ पौंड कधी संपतात ते कळत नाही. कपात करण्याजोगे काय उरले आहे ते पाहिले तेव्हा बाजूच्या पायऱ्याच समोर आल्या. त्यांचे वजन ५० पौंड होते आणि तिघांपैकी कोणालाही त्यांची खरी गरज नव्हती.

गरज होती ती पुण्याहून येणाऱ्या आजीआजोबांना. पण ते असताना कॅम्पर ट्रकवर असणारच नव्हता : त्या दोघांचे वजन धरले की हिशेब कोणत्याही प्रकारे बसत नव्हता, आणि आजींचे गुडघे वरच्या पलंगावर चढण्याजोगे राहिलेले नाहीत. त्यामुळे त्यांच्या मुक्कामाच्या काळात कॅम्पर जॅकवर उतरवून घराच्या मागच्या अंगणात ठेवायचा, पायऱ्या पुन्हा बसवायच्या आणि सहली लॉजमध्ये राहून करायच्या असे ठरले. पायऱ्या सहा बोल्टवर असल्याने हे काम अर्ध्या तासाचे आहे. एरवी त्या गॅरेजमध्ये राहतात आणि भरलेला ट्रक ६,९५५ पौंडांवर, म्हणजे मर्यादेच्या ९५ पौंड आत चालतो. हंगामाच्या सुरुवातीला आणि सामानात मोठा बदल झाल्यास तो पुन्हा काट्यावर न्यायचा, एवढी अट पतीने स्वतःहून यादीच्या पहिल्या ओळीत लिहून ठेवली आहे.